ओर्पा ताडावर चढली

आमच्या रोटे बेटावर बाई ताडावर चढत नाही. तसा नियम कुणी केलेला नाही. पुरुषानं वर जाऊन रस काढायचा आणि बाईनं खाली चुलीवर तो आटवायचा, हे इतकं ठरलेलं, की नियम करायची वेळच आली नाही. म्हणून तर ओर्पाची गोष्ट सांगावीशी वाटते. ओर्पा माझी शेजारीण. आमच्या दोघींच्या अंगणांमध्ये फक्त एक दगडी कुंपण.

तिचा नवरा मेसाख पट्टीचा चढणारा. सकाळ-संध्याकाळ झाडावर जायचा, आणि पाय ठेवण्याआधी बुंध्याला हात लावून खणखणीत आवाजात प्रार्थना म्हणायचा. चर्चमध्येही त्याचाच आवाज सगळ्यांच्या पुढे. ओर्पाचं उलट. प्रवचन सुरू झालं की तिची मान डुलायला लागायची. मी कोपरानं ढोसलं की पुटपुटायची, "झोपू दे गं. आमच्या घरात भक्ती ह्यांच्याकडे आणि चूल माझ्याकडे."

हंगाम ऐन भरात असताना मेसाख पडला. झाड रोजचं, पाय ठेवायच्या खोबण्या रोजच्या, पण पाय सटकला. समुद्रापलीकडच्या कुपांगच्या इस्पितळातून परत आला तो बाजेवर. डॉक्टर म्हणाले, बसता येईल, पुढेमागे काठ्यांवर उभंही राहता येईल, झाड मात्र विसरा.

आमच्या चर्चच्या पाळकबाई भेटायला आल्या, तर त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. "बाई, मी रोज त्याचं नाव घेऊन चढत होतो," तो म्हणाला. "त्या दिवशीही घेतलं होतं."

पाळकबाईंनी वाद घातला नाही. त्या दिवसापासून मेसाखच्या तोंडून प्रार्थना ऐकू आली नाही. जेवणाआधी त्याच्या दोन मुली, थोरली मेलिआना आणि धाकटी, याच काय ते दोन शब्द म्हणायच्या.

थोडे दिवस भाऊबंदांनी त्याची झाडं सांभाळली. पण ज्याची त्याची झाडं असतातच, आणि ताडाची पोय, म्हणजे रस गळणारा फुलोरा, रोज कापली नाही तर सुकून जाते. एका सकाळी बघते तर ओर्पा कुंपणाशी उभी. कंबरेला कोयती, पाठीला रस धरायची पानाची घट्ट टोपली आणि अंगात मेसाखची अर्धी चड्डी.

"हे काय सोंग?" मी विचारलं.

"सोंग नाही, चड्डी आहे. ह्यांची."

"डोकं फिरलंय का? पडलीस तर?"

"पडले तर दोघं शेजारी शेजारी पडून राहू. एक बाज वाढवावी लागेल." मग कोयती नीट खोवत म्हणाली, "मला ह्यांच्यासारखं मागता येत नाही गं. मी देवाला एवढंच म्हटलं, की सगळ्या झाडाचं नको, पाय ठेवीन तेवढ्या जागेचं तू बघ."

घरामागचं सगळ्यांत बुटकं झाड तिनं निवडलं. मेसाखनं आरडाओरडा करून आपली बाज बाहेर सावलीत आणवली.

"ओर्पा! उतर खाली! लोक काय म्हणतील?"

"अजून चढलेच नाही, मेलिआनाचे बाबा. उतरू कुठून?"

चढायला लागली. अर्ध्यावर गेली आणि वारा सुटला. ताड डोलायला लागला. ओर्पानं बुंध्याला मिठी मारली आणि तिथंच थिजली. वर जाईना, खाली येईना. गावातले पुरुष लांबच्या झाडांवर. मी नुसती खाली हात चोळत उभी.

मेसाखचा चेहरा पांढराफटक पडला होता. उठता येत नव्हतं, धावता येत नव्हतं. एकाएकी तो बोलायला लागला. आवाज पार घोगरा. "प्रभू, मी तुझ्यावर रागावलोय. ते आपण दोघं नंतर बघू. पण आत्ता तिला धर. माझे हात तिथवर पोचत नाहीत."

"मोठ्यानं म्हणा!" वरून ओर्पा ओरडली. "ऐकू येत नाही!"

"तुला नाही, त्याला सांगतोय!"

"मग मलाही सांगा काहीतरी! उजवा पाय कुठं ठेवू?"

मेसाख हसला की रडला, कोण जाणे. पण सांगायला लागला. हात सोडू नकोस, आधी पाय चाचप, खाली बघू नकोस, गाल बुंध्याला टेकव. आम्हाला वाटलं, आता उतरेल. ती वर गेली. खाली आली तेव्हा टोपलीच्या तळाशी ओंजळभर रस आणि त्यात मुंग्या. गुडघे सोलवटलेले, आणि तोंडावर असं हसू, की जणू समुद्र पोहून आली.

रविवारी उपासना सुटल्यावर चर्चचा कारभार बघणारे वडील नेहेमिया तिला आडवे आले. "बाईनं पुरुषांच्या डोक्यावर चढावं, हे बरं दिसत नाही."

"मग खालून जाताना वर बघू नका, वडील," ओर्पा म्हणाली. अंगणातल्या बाया खिदळल्या.

पाळकबाई पुढे झाल्या. "मी दर रविवारी तुमच्या डोक्याहून उंच व्यासपीठावर चढते. मला कुणी उतरवत नाही, मग हिलाच का?"

नेहेमिया तरातरा निघून गेले. पण आठवडा सरायच्या आत कोयती घेऊन तिच्या झाडांशी हजर झाले आणि जुन्या खोबण्यांच्या मधोमध नव्या खोबण्या पाडू लागले. "बाईचा पाय आखूड असतो," माझ्याकडे न बघता पुटपुटले.

मेसाख चुलीपुढं पाटावर बसून रस आटवायला शिकला. बायकांचं काम म्हणून मित्रांनी टोमणे मारले, तेव्हा म्हणाला, "माझी काकवी चाखा, मग बोला." पुढच्या ईस्टरला तो काठ्यांवर चर्चमध्ये उभा राहिला. मी एकदा त्याला विचारलं, "का पाडलं रे देवानं तुला, कळलं का?"

"नाही कळलं," तो म्हणाला. "विचारायचं सोडलेलं नाही मी. पण पूर्वी भिंतीकडे तोंड करून विचारायचो, आता त्याच्याकडे करून विचारतो."

मुली शिकल्या, थोरलीचं लग्न झालं. ओर्पाचे केस पिकले, तरी चढते. गेल्या हंगामात शेजारच्या गावची डोर्कास तिच्याकडे चढायला शिकायला आली. तिचा नवरा होडी घेऊन गेला तो परतलाच नाही. ताडाकडे बघत तिनं विचारलं, "मावशी, तुमची भीती गेली कधी?"

"गेली नाही गं. रोज माझ्याबरोबर चढते, रोज माझ्याबरोबर उतरते," ओर्पा म्हणाली. तिनं टोपलीचा पट्टा डोर्कासच्या खांद्यावर नीट बसवला, तिचा हात बुंध्यावर ठेवला आणि दोघींनी प्रार्थनेसाठी डोळे मिटले.