मोरूच्या पानावरची डबलरोटी : सालेकसा, देवरी, कोहमारा

पितृपक्षात कोणी फिरायला निघत नाही. मीही निघाले नसते. पण अष्टमीला माझ्या धाकट्या भावाचं, मोरूचं, पहिलंच पितर होतं आणि मायने हट्ट धरला, "त्याच्या पानावर त्याची डबलरोटी पायजे."

गेलेल्या माणसाच्या आवडीचा एक पदार्थ पितराच्या पानावर ठेवायचा, हे आमच्याकडे चुकवत नाहीत. वडे, खीर, भोपळ्याची भाजी मी डोळे मिटून करते. पण मोरू ट्रक चालवायचा, गोंदियाच्या मिलमधला तांदूळ रायपूरकडे न्यायचा. रस्त्यावरची कुठलीशी डबलरोटी, म्हणजे ब्रेडचं काहीतरी, त्याला जिवापाड आवडायची. ती कोणती, ते मला माहीत नव्हतं.

खरं तर मी ती पाहिलेली होती. तीन वर्षांपूर्वी श्रावण सोमवारी तो ती कागदात गुंडाळून माझ्या घरी घेऊन आला होता. मी विचारलं, "अंडा आहे का रे त्यात?" तो नुसता हसला. "मग बाहेर ओट्यावर बसून खा," मी म्हटलं. त्यानं खाल्लं, नळावर हात धुतले आणि गेला. माय माझ्याकडेच राहते; त्यानंतर तिला भेटायला यायचा, पण आत कधी आला नाही. मागच्या वर्षी त्याला कावीळ झाली आणि मी दवाखान्यात पोचले तेव्हा तो कोणाला ओळखण्याच्या पलीकडे होता.

मायला वाटलं, मी पदार्थ शोधायला चालले. मला अंडा होता की नव्हता ते पाहायचं होतं.

सकाळच्या पॅसेंजरनं आमगावहून सालेकशाला गेले. तिकीट कमी, गर्दीही कमी. खिडकीतून दोन्ही बाजूंना धान निसवून, लोंब्या येऊन राहिलेलं दिसत होतं, पण आभाळ असं दाटलेलं की हिरवा रंगही मळकट वाटावा. स्टेशनबाहेरच्या गाडीवर पावात बटाट्याचा गोळा दाबून देतात. मी आलूबोंडा म्हटलं तर गाडीवाला म्हणाला, "दीदी, डोंगरगढ साइड में आलूगुंडा बोलते हैं. तुमच्या आमगावचे लोक बोंडा म्हणतात. माल एकच है." दहा रुपयांना एक, चटणी मागाल तेवढी. मोरूचं वर्णन सांगितलं. "वो लंबा ड्राइवर? यहाँ सिर्फ चाय पीता था."

मी बाहेरचं खात नाही, तेव्हा चवीचं मला विचारू नका. पोळी आणि जवसाची चटणी सोबत होती, ती बाकावर बसून खाल्ली.

परत आमगावला येऊन देवरीची बस धरली. रस्ता जंगलातून जातो, खड्डे मोजायच्या पलीकडचे. खिडकीची काच बंद होत नव्हती, त्यामुळे डावा खांदा देवरीपर्यंत ओला झाला. जाणार असाल तर उजवीकडे बसा. देवरीच्या स्टँडजवळ बेसनात बुडवून तळलेले ब्रेडचे तिकोणे होते. मी ब्रेड पकोडा म्हटलं, तर शेजारी उभ्या कॉलेजच्या दोन मुली हसल्या.

"काकू, पकोडा गावात. इथं सँडविच म्हणतात."

"अन् सँडविच म्हटलं की दोन रुपये जास्त लागतात," दुसरी म्हणाली.

इथंही मोरूला ओळखणारं कोणी नव्हतं.

पुढच्या बसनं हायवेवरच्या कोहमाऱ्याला उतरले तेव्हा दुपार टळली होती. चौकात ट्रकांची रांग, चिखल, डिझेलचा वास. पाच ढाब्यांवर विचारून झालं. सहाव्यात एक बाई तव्यासमोर बसली होती. एक ड्रायव्हर ओरडला, "वहिनी, दोन ओटा दे! कांदा जास्त."

तिनं तव्यावर अंडी फोडली, वर ब्रेड दाबला, उलटवला, मधे लाल चटणी फासली आणि कागदात गुंडाळून दिलं. तो गुंडाळायचा प्रकार मी ओळखला.

"याले ओटा काऊन म्हणता?" मी विचारलं.

ती हसायला लागली. "आमचा एक ड्रायव्हर आहे, मोरू. हे खाताना त्याच्या बहिणीनं त्याले घरात नाई घेतलं, ओट्यावर बसवलं. तो इथं येऊन म्हणे, वहिनी, माहं ओट्यावरचं दे. मग साऱ्यांनीच धरलं."

"मोठी देवभोळी बाई," ड्रायव्हर तोंडात घास घेऊन म्हणाला. "देवाले अंड्याचा वास येते म्हणे! देव काय तिच्या सैपाकघरातच बसून राहिला होता का?"

बाकावरचे सगळे हसले. तव्यासमोरच्या बाईनं त्यांनाच विचारलं, "लय दिवस झाले, दिसून नाई राहिला मोरू. लाइन बदलली का त्यानं?"

"गेला तो. मागच्या वर्षी," मी म्हटलं.

तिनं तव्याखालची आच कमी केली.

"तुम्ही कोण त्याच्या?"

"त्याच्या गावची आहो," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बराच वेळ पाहत होती. "एक बांधून दे, उद्या त्याचं पितर आहे," मी म्हटलं, तेव्हा तिनं नवीन अंडं फोडलं. पैसे घेतले नाहीत. कोणाच्या घरचं पितर, तेही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते पानावर ठेवलं. माझे यजमान म्हणाले, "पितराले अंडा?" मी म्हटलं, "त्याचं आहे." कावळा आला, वडा नेला, खिरीत चोच घातली. ब्रेडला शिवला नाही. दुपारपर्यंत त्याला मुंग्या लागल्या.

अंडा होता, म्हणजे त्या सोमवारी मी चुकले नव्हते. एवढं कळायला दिवसभर फिरले आणि कळून काहीच हलकं झालं नाही.

माय पानाजवळ बसून होती. "काय म्हणतात याले?" तिनं विचारलं.

"ब्रेड-आमलेट," मी म्हटलं.

तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं, लक्षात ठेवायला. कोहमाऱ्यावर काय म्हणतात, ते तिला सांगितलं नाही. आता पाऊस थांबला आहे, रस्त्यावर गाड्या वाढल्या असतील, आणि तिथं बाकावर बसून कोणीतरी ते त्याच नावानं मागत असेल.