अक्काची तिरपी नजर

भाच्याचा फोन आला तेव्हा मी बमरोलीच्या बाजारात भाजी घेत होते. "मावशी, आई गेली..." सकाळीच तर तिला दवाखान्यात भेटून आले होते! रिक्षात बसले ते पिशवी तिथेच विसरून.

अक्का, माझी थोरली बहीण, सुरतेत मराठी शाळेत विज्ञान शिकवायची. जीव सगळा उड्या मारणाऱ्या कोळ्यांवर. जाळं न विणता भक्ष्यावर झेपावणारे, गॅलरीच्या गजांवर हिंडणारे ते नखाएवढे जीव. मी झाडू उचलला की ओरडायची, "खबरदार!" एकदा मला ओढत देवघरात नेलं. लाल झिरोचा बल्ब सोडून बाकी सगळा अंधार. कोळ्याने माशीवर उडी घेतली आणि तो तिच्या अलीकडेच पडला. अक्का टाळ्या पिटायला लागली. "अगं, त्याच्या मोठ्या डोळ्यांत पडद्याचे थर असतात, एकामागे एक. हिरवा उजेड एका थरावर नेमका पडतो, दुसऱ्यावर धूसर. त्या फरकावरून त्याला अंतर कळतं. लाल उजेडात बिचाऱ्याचं गणित चुकतं!" मी म्हटलं, "देवासमोर कसले गं हे खेळ!"

मग तिच्याच डोळ्यांचा पडदा मधोमध निकामी होत गेला. डोळ्यांत इंजेक्शनं घेतली, नवस झाले... डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही. फक्त कडेचं दिसायचं. "कोळी कडेच्या डोळ्यांनी हालचाल टिपतो आणि वळून समोरच्यांनी नीट बघतो," ती म्हणायची. "माझं उलटं. तुला बघायचं तर तुझ्यावरून नजर काढायची." आणि मान तिरकी करून माझा चेहरा शोधायची. नवागामला हळदीकुंकवात खानदेशी बायका अहिराणीत कुजबुजल्या, "मास्तरीणबाईले लई गर्व शे, तोंड फिराई लेस." असा संताप आला मला! अक्का मात्र तेव्हापासून कुठे गेलीच नाही. तिला धास्ती एकच, "तुझा चेहरा तेवढा जायला नको गं." तोही पुसट होत गेला. कोणाच्याच हातात काही नव्हतं.

त्या सकाळी दवाखान्यात मी तिच्या खाटेवर बसले. "अक्का, मी आलेय." तिने मान उजवीकडे तिरकी केली, मग डावीकडे... पुन्हा उजवीकडे. मग हळूच सरळ केली आणि समोर बघत राहिली.

तिच्या जाऊबाई तिथेच होत्या. महिना झाला, येईल त्याला सांगतात, "शेवटी बहिणीला डोळे भरून बघून घेतलं हो तिने. अगदी सरळ." मी नुसती हो म्हणते. सरळ बघायला लागली, म्हणजे मला शोधायचं तिने सोडलं होतं.