ड्रॉवर बाळूनं केला म्हणे

फर्निचरच्या कारखान्यात किस्से भुशासारखे साचतात. फरक एवढाच, की भुसा संध्याकाळी झाडून टाकता येतो. हे किस्से आठवले की माझं अजून डोकं फिरतं.

मी सुनंदा, विठ्ठलवाडीची. उल्हासनगरला सेठच्या कारखान्यात बरीच वर्षं पॉलिशला होते. मग सेठनं राऊटर आणला, लाकडात खाचा कापायचं हातमशीन, सोबत डोव्हटेलचा जिग. डोव्हटेल म्हणजे दोन फळ्यांची टोकं कबुतराच्या शेपटीसारखी कापून एकमेकांत अडकवायची. खिळा नाही, स्क्रू नाही. जिगची दातेरी पट्टी फळीवर बसवायची आणि दातांतून राऊटर फिरवायचा. सेठनं जाहीर केलं, "जो गिऱ्हाइकाकडून पास होणारा पहिला ड्रॉवर देईल, मशीन त्याचं." मी हात वर केला. सगळे हसले, सेठसुद्धा!

*

शिकवणी मोबाइलवर. व्हिडिओतला माणूस एसीत उभा, अंगावर भुशाचा कण नाही. आमच्याकडे लाइट गेली की राऊटर अर्ध्या दातात थांबायचा आणि फळी बाद. सेठ लाइटवाल्यांना काही बोलायचा नाही, मला बोलायचा.

*

बाळूदादा आमचा जुना मिस्त्री, वांगणीहून येतो. राऊटर बंद करून, बिट म्हणजे खालचं फिरणारं पातं थांबलं की आपल्याकडे ओढून काढायचा असतो. यानं चालू मशीन सरळ वर उचललं. बिट खाली रुंद, जाता जाता जिगचे दोन दात खाऊन गेलं. सेठ धावत आला, तर दादा म्हणतो कसा, सुनंदानं धक्का दिला. मी तेव्हा बाहेर नळावर हात धूत होते! त्यानंतर दादानं राऊटरला हात लावला नाही. शिव्या मात्र मी खाल्ल्या.

*

माझा पहिला जोड हातात घेताच निखळला. बिट आणखी खाली सोडलं, तर जोड एवढा घट्ट की ठोकताना फळीच चिरली. दादा चहा पीत म्हणाला, "बाईच्या हाताला मशीन मानवत नाही."

"जिगचे दात कुणाच्या हाताला मानवले नाहीत, दादा?"

चहा तसाच ठेवून गेला.

*

शेवटी जिगच्या उरलेल्या दातांवर जोड जमला. अंबरनाथचं एक गिऱ्हाईक बघून म्हणालं, हे कापलेलं दिसतंय, यावर सनमाईका लावून द्या. सेठ लगेच हो म्हणाला. मी ड्रॉवर मांडीवर घेऊन बसले. म्हटलं, आधी मला सनमाईका लावा.

*

तोच ड्रॉवर बदलापूरच्या एका मॅडमना आवडला. पास! पण आणखी ऑर्डर देण्याआधी त्यांना कारागीर बघायचा होता, व्हिडिओ कॉलवर. सेठनं बाळूदादाला धुतलेला शर्ट घालायला लावला, हातात राऊटर दिला आणि माझ्यावर ओरडला, "सुनंदा, तू फ्रेम से बाहर हो."

मी भिंतीला टेकून उभी राहिले. रागानं कानशिलं तापली होती.

सेठ फोनवर सांगत होता, "मॅडम, ये हमारा बाळू. सगळा याच्याच हातचा काम."

"वा! मग एक जोड कापून दाखवा ना," मॅडम म्हणाल्या.

सेठनं बाळूदादाकडे पाहिलं. दादानं राऊटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी म्हटलं, "सेठ, आता येऊ का फ्रेममध्ये?"