मैंदर्गीचा अंतरपाट

वैशाखातल्या एका सकाळी मी सोलापुराहून अक्कलकोटच्या सर्विस मोटारीत बसलो, तो स्वतःच्या कामासाठी नव्हे. कचेरीच्या दारात बसून जन्मभर इतरांचे अर्ज लिहिणाऱ्या माणसास स्वतःचे असे काम उरतच नाही. शेजारी माझा भाडेकरू वामन होता. मॅट्रिकचा विद्यार्थी, उंचीने ताडासारखा आणि लाजाळू इतका, की दुकानात गूळ हवा असला तरी नुसते बोट दाखवी. समोरच्या घरी राहणाऱ्या सुशीला मास्तरणीवर त्याचा जीव जडून वर्ष लोटले होते. तिच्याशी एक शब्द मात्र तो बोलला नव्हता. सुटीत ती मैंदर्गीस वडिलांकडे गेली, तेव्हा मी ठरविले की त्याची बाजू तिच्या वडिलांपुढे मीच तोंडी मांडावी. वामनाने फक्त उभे राहावयाचे होते.

वळसंगाजवळ इंजिनातले पाणी आटले. मी ड्रायव्हरास नोटीस देण्याची भाषा केली.

"द्या की. आदी तांब्या द्या," तो म्हणाला, आणि माझे पिण्याचे पाणी इंजिनात गेले.

अक्कलकोटापुढे बैलगाडी. दुतर्फा तापलेली काळी राने आणि धुळीतून चाललेली मेंढरे. मैंदर्गीत पोचलो, तो सुशीलाबाईंच्या दारी मांडव.

"तात्या, परत जाऊ," वामन पुटपुटला.

इतक्यात एक पागोटेवाले गृहस्थ धावत आले. "बर्री, बर्री (या, या). सोलापूरचं वऱ्हाड न्हवं का? लई उशीर केलासा."

मी खुलाशास प्रारंभ केला. परंतु माझी प्रस्तावना जरा लांब असते. ती संपण्यापूर्वीच आमच्या कपाळी गंध लागले, आणि वामनाची उंची पाहून भटजींनी अंतरपाटाचे एक टोक त्याच्या हाती दिले.

मंगलाष्टके झाली, अक्षता पडल्या. पलीकडच्याने आपले टोक सोडले. वामनाने ते दुसऱ्या हाती धरले आणि दोन्ही हात पसरून तो उभाच राहिला.

"सोडा की हो," भटजी म्हणाले.

"सोडतो," वामन म्हणाला, आणि सोडले नाही.

वाजंत्री थांबली. "ह्यो कोन? नवऱ्याकडला का?"

"आमच्याकडला न्हाय बाबा," वऱ्हाडातून कोणी म्हणाले.

हा तात्पुरता मनाई हुकूम समजावा, असे मी उभा राहून सांगितले. मला खाली बसविण्यात आले.

तेव्हा वामन अंतरपाटावरून वधूकडे पाहत बोलला. "सुशीलाबाई, मी समोरच्या खोलीतला वामन. मला तुम्ही फार आवडता. वर्षभर सांगायचं राहिलं." आवाज मागे आचाऱ्यापर्यंत गेला.

"काय चाललंय? मला काही दिसत नाही," वामनाच्या पाठीमागून नवरदेव म्हणाले.

सुशीलाबाईंनी मुंडावळ्या बाजूला सारल्या. "मला वाटायचं तुम्ही मुके आहात. वाईट वाटेल म्हणून मीही कधी बोलले नाही. पण वामनराव, हे लग्न मी माझ्या पसंतीनं करतेय. आता सोडा की, हात भरून आले असतील."

"बरं," वामन म्हणाला. त्याने अंतरपाटाची व्यवस्थित चौपदरी घडी घातली आणि ती भटजींना दिली.

पंगतीत हुग्गी (गव्हाची खीर) वाढणारा पुढे सरकला, तेव्हा वामनाने त्यास हाक मारून परत बोलावले व तूपही मागितले. डोळे भरले होते. आवाज स्वच्छ होता.

परतीच्या मोटारीवर तोच ड्रायव्हर. वळसंगाजवळ त्याने पुन्हा तांब्याकडे हात केला.

"नाही," वामन म्हणाला. "हे तात्यांचं पिण्याचं पाणी आहे. विहीर ती तिकडं."

ड्रायव्हर मुकाट्याने विहिरीकडे गेला. मी पाणी प्यालो. सगळ्या जिल्ह्याच्या वतीने मी आजवर बोलत आलो. माझ्या वतीने कोणी बोलल्याचे मला त्यापूर्वीचे स्मरत नाही.