दाजीकाकांचा कीर

शेवटची भेट पडवीतच झाली. दाजीकाकांचं उजवं अंग गेलं होतं, खाटेवर त्यांना उशीला टेकवून बसवलं होतं. वसंता, त्यांचा एकुलता एक मुलगा, फोंडाघाटहून पहिली एस.टी. पकडून आला तो घामाने भिजलेला, हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवायची त्याला आठवण नव्हती. मी काकांचा पुतण्या. मालवणच्या बाजारात कापडाचं दुकान चालवतो आणि घरातल्या प्रत्येक बारशाला नि बाराव्याला तेच तेच किस्से सांगून पाहुण्यांना लवकर घरी पाठवतो. असे प्रसंग आपल्यावाचून अडतात असा माझा समज असल्यामुळे मीच पुढे झालो. "काकानू, वसंतो इलो." काकांनी डोळे उघडले. मुलाकडे बराच वेळ पाहिलं. ओठ हलले. वसंता खाली वाकला...

"किराक मिरची दिलंस?"

एवढंच. मग डोळे मिटले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी काका गेले. त्याला आता महिना उलटला, पण वसंताची ती वाकलेली पाठ माझ्या नजरेपुढून जात नाही.

कीर म्हणजे पोपट. काकांनी तो पाळला हेच आम्हा सगळ्यांना नवल, कारण काकांनी कधी कुणाला मायेने जवळ घेतल्याचं ऐकिवात नव्हतं. भात पिकायला लागलं की मळ्यात पोपटांचे थवे उतरतात, आणि माचावर बसून गोफण फिरवण्यात पंचक्रोशीत काकांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण त्यांची खरी गोफण तोंडात होती. वसंता मॅट्रिक दुसऱ्या खेपेला पास झाला, पेढे घेऊन आला, तेव्हा पडवीत बसलेल्या पाहुण्यांना काका म्हणाले, "गाढव येकदाचो घाट चढलो." सगळे खो खो हसले. वसंता पेढे वाटत राहिला. पुढे त्याला फोंडाघाटला मास्तरकी मिळाली, तर काकांचं आपलं, "घाट खंय चढलो? पायथ्याकच बसलो." त्यानंतर वसंता घरी यायचा तो चतुर्थीला आणि शिमग्याला, देवाचा पाहुणा असल्यासारखा.

काकी गेल्या, त्याच वर्षीची गोष्ट. मी सहज मळ्यात गेलो होतो. थवा उतरला, काकांनी गोफण फिरवली, आणि एरवी नुसता उडवून लावण्यासाठी मारलेला दगड एका किराला लागला. तो लोंब्यांत फडफडत राहिला. मला वाटलं, काका आता पुढचा दगड भरतील. ते माचावरून उतरले, डोक्याचा पंचा सोडला, त्यात त्याला गुंडाळलं आणि घराकडे चालू लागले. वाटेत कुणी विचारलं तर म्हणायचे, "पडलेलो गावलो." मी बाजूलाच चाललो होतो. काका काय सांगतात ते ऐकून मानही डोलावत होतो.

पंख काकांनीच बांधला, जुन्या धोतराच्या पट्टीने. तो बरा झाला, पण वाकडा, उडणं संपलं. आणि मग काका जे करायला लागले ते बघायला मी बाजार सोडून येऊन बसायचो. रोज संध्याकाळी पिंजऱ्याचं दार उघडून ते त्याच्याशेजारी बसत, त्याच्याकडे न पाहता, अंग आडवं करून. आधी स्वतः पेरूची फोड खात, मग उरलेली तळहातावर ठेवून हात तसाच जमिनीवर. तो कीर तिरक्या डोळ्याने बघायचा, फोडीला न शिवता बोटाचा लचका तोडायचा. रक्त यायचं. काका हात हलवत नसत. मीही एकदा हा प्रयोग केला. पहिल्याच चोचीला मी असा ओरडलो की शेजारची म्हैस दावं तोडून गेली, आणि काका मला म्हणाले, "तू कापडच फाड रे. हात मागे घेतलो, का तो शिकता. चावल्यार माणूस जाता, ह्या तेका एकदा कळला म्हणजे संपला." पाऊस गेला, थंडी आली, आणि एके दिवशी त्या किराने काकांच्या बोटांतून हिरवी मिरची अलगद घेतली आणि मनगटावर चढून बसून खाल्ली. काका माझ्याकडे बघून हसले. त्यांना खालचे दात नव्हते हे मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या चतुर्थीला वसंता आला. काका खांद्यावरच्या किराशी बोलत होते, "जेवलंस मा रे? पोट भरला?" अशा आवाजात, की मला वाटलं घरात आणखी कोणी म्हातारा माणूस आलाय. वसंता उंबऱ्यात उभा राहून ऐकत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"बाबानू, माझ्यावांगडा येकदा तरी असे बोलल्यात?"

काकांनी मानही वर केली नाही. "तू खंय चावलंस? तू उठान गेलंस."

मी लगेच गणपतीवर फळं-पानं टांगायच्या माटवीचा विषय काढला. वाईट वेळी वाईट विषय काढणं मला चांगलं जमतं. पण त्या दोघांपैकी कोणीच माझं ऐकत नव्हतं.

दहाव्याला आम्ही खाडीकाठी गेलो. पिंड मांडला, आणि कावळा काही शिवेना. तो कुंपणावर बसून चोच घासत राहिला. गेलेल्या माणसाचं मन कशात अडकलंय ते ओळखून शब्द द्यावा लागतो, म्हणून जमलेल्यांनी एकेक सुरुवात केली. मी पुढे होऊन मळ्याच्या वाटेचा, त्या पाणंदीचा, काकांचा जुना वाद मिटवतो म्हणून सांगितलं. कावळ्याने पाठ फिरवली. मग वसंता ओलेत्याने दोन पावलं पुढे गेला. आवाज इतका हळू की मी जवळ होतो म्हणूनच ऐकू आला.

"बाबानू, माझ्या मनात काय एक नाय. माझो राग गेलो. तुमच्या मनात काय आसात तर तुमीय सोडा..."

वारासुद्धा पडला होता. कावळा जागचा हलला नाही. वसंता तसाच हात जोडून उभा. भटजी म्हणाले, "ऊन वाढता. दर्भाचो कावळो करूया?" तेव्हा मी वसंताच्या कानाशी लागलो, "किराचा सांग." त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी अर्धं पाऊल मागे सरलो. पण सगळे ताटकळले होते. "सांग मरे एकदाचा!" मागून कोणी तरी म्हणालं.

"किराक मी नेतंय," वसंता म्हणाला.

कावळा खाली उतरला आणि पिंडाला शिवला. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला, कोणी डोळे पुसले. वसंता हसला. "बघलंस दादा? माझ्यासाठी नाय उतारलो."

"कावळो तो! तेका भूक लागली, उतारलो. तेका काय कळता?" मी म्हणालो. कावळ्याच्या असल्या गोष्टी आयुष्यभर मीठमसाला लावून सांगणारा मी, त्या दिवशी एकदम शास्त्राच्या बाजूला गेलो. वसंताला ते पटलं नाही. मलाही नाही.

गेल्या रविवारी फोंडाघाटला जाऊन आलो. बाजारामागच्या त्याच्या बिऱ्हाडात शिरलो तर वसंता जमिनीवर बसलेला, पिंजऱ्याकडे न पाहता, अंग आडवं करून. दोन बोटांना चिंध्या. तिसऱ्यात मिरची. "खा रे बाबा. तुका कोण काय करणा नाय," म्हणत होता. मी दारातच थांबलो. कीर दांडीवरून एकेक पाऊल सरकत होता. इतक्यात वसंताची धाकटी मुलगी धावत आली, मूठ उघडून.

"बाबा, बघा! दात पडलो!"

"उगी रव गो!" वसंताने मान वळवली नाही. आवाज चढला नव्हता, पण असा सुटला की क्षणभर मला वाटलं, काका बोलले. "दात पडलो तर काय ढोल वाजवू?"

पोरीने मूठ मिटली. थोडा वेळ उभी राहिली, मग पाय न वाजवता माझ्याजवळून बाहेर गेली. किराने मान लांब केली आणि मिरची घेतली. वसंताचं तोंड उजळलं. डोळ्यांत पाणी.

"बघलंस दादा? घेतल्यान!"

"बघलंय," मी म्हणालो.

बाहेर ती पोर एकटीच आपला दात कौलांवर फेकत होती. तो घरंगळून पुन्हा पुन्हा तिच्या पायाशी येत होता.