बुडातले वाडगे

त्या वर्षी माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. मला एक वाडगा हवा होता. बाहेरून लाल, आतून आणि काठाला काळा, आणि दोन रंगांमधली रेघ स्वच्छ. विदर्भातल्या लोहयुगीन लोकांनी दगडांची वर्तुळं रचून आपली माणसं पुरली आणि त्यांच्या सोबतीला असे वाडगे ठेवले. आमच्या हाती लागतात ती त्यांची खापरं. हे वाडगे कोंड्यात पालथे घालून भाजले असावेत, असं पुस्तकांत लिहिलेलं आहे. माझं काम होतं ते करून दाखवायचं. जमलं तर प्रबंध, नाहीतर सात वर्षं पाण्यात. दुसरी मुदतवाढ मार्चअखेर संपत होती आणि तिसरी मिळत नाही.

आधी मनीषनगरातल्या आमच्या गच्चीवर भाजून पाहिलं. वाडगे एक तर ठार काळे निघायचे, नाहीतर चट्ट्यापट्ट्यांचे. चौथ्या वेळी खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साड्यांना धुराचा वास लागला आणि सोसायटीची सभा बसली. मी सभेत लोहयुग समजावून सांगायला लागले, तेव्हा आईने हात धरून मला घरी आणलं.

मग रामटेकच्या अलीकडच्या एका गावात एक म्हातारे कुंभार भेटले. मी त्यांना बाबा म्हणायचे. माझे वाडगे ते घडवायचे आणि आपल्या माठांसोबत अंगणामागच्या आव्यात, म्हणजे भट्टीत, भाजायचे. प्रत्येक वाडग्याच्या बुडाला मी एक आकडा कोरायचे. काही वाडगे आव्याच्या अगदी तळाशी, धानाच्या कोंड्यात पालथे. बाकीचे वर, उताणे. असं कशासाठी, हे त्यांनी एकदाच विचारलं. मी म्हटलं, शेवटी सांगीन. हा माझा शहाणपणा. कारागिराला उत्तर आधी कळलं की त्याचा हात आपोआप तिकडे वळतो, असं आम्हाला शिकवलेलं. म्हणून मोबाइलमध्ये जुन्या वाडग्यांचे ढीगभर फोटो असूनही मी त्यांना एकही दाखवला नाही.

आवा पेटवला की मी परत यायचे आणि दुसऱ्या दिवशी दहाच्या बसने पोचायचे. तोवर बाबांनी आवा उघडून वाडगे पोत्यावर ओळीने मांडलेले असायचे. सगळे लाल. खणखणीत, एकसारखे लाल.

"बुडातले फुटले, मॅडम," बाबा खाली मान घालून म्हणायचे. "बुडातले टिकूनच नाही राहिले."

मी वहीत लिहायचे, 'तळाचे वाडगे: तूटफूट', आणि पुढच्या खेपेला माती बदलायचे, रेती वाढवायचे, कोंडा कमी करायचे. अशा पाच खेपा झाल्या.

फेब्रुवारी संपेपर्यंत मला सगळ्यांचा राग यायला लागला होता. "सध्या काय चाललंय?" असं विचारणाऱ्या प्रत्येकाचा, आणि हजारो वर्षांपूर्वी हे सहज करून गेलेल्या त्या कुंभाराचाही. मार्गदर्शक म्हणाले, प्रयोगाचं प्रकरण गाळून टाका. ते गाळलं तर उरणार काय? दुसऱ्यांनी लिहिलेलं मी पुन्हा लिहिलेलं. मला जेवण जाईना. एके दिवशी न्हाणीघरात नळ सोडून पोटभर रडले. बाहेर आले तर आई दाराशी उभी.

"टाकी रिकामी केली ना वं," ती म्हणाली. "आता भांडे कायनं घासू?"

एरवी मी हसले असते. तेव्हा खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

मार्चच्या मध्यावर सहावी खेप लावली. दुसऱ्या दिवशी दहाच्या बसची वाट बघत घरात बसवेना. पहिल्याच बसने निघाले. वाटेत ठरवून टाकलं होतं की बाबांना सांगायचं, आता पुरे, मी सोडलं. गावात पोचले तेव्हा नुकतं उजाडत होतं. त्यांच्या घरामागून आवाज येत होता. फट्. थोडं थांबून पुन्हा फट्.

बाबा आव्यापाशी उकिडवे बसले होते. पुढ्यात खापरं पडली होती. बाहेरून लाल, आतून काळी, आणि काठाखाली स्वच्छ रेघ. डाव्या हातात आणखी एक वाडगा होता आणि उजव्या हातातला दांडका त्यांनी उचलला होता.

मी अशी किंचाळले की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. धावत जाऊन वाडगा हिसकावून घेतला.

"काहून फोडून राहिले, बाबा? काहून?"

चोरी पकडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. "खराब निघाले ना, मॅडम. तोंडं काळे पडले. असा माल गिऱ्हाइकाच्या नजरेत पडू द्याचा नाही, उजाडाच्या आत फोडून टाकाचा, असं आमच्या बापानं शिकवलं. मले लाज वाटे. तुमी एवढ्या दुरून येता, अन् माह्या हातून हे असं."

"आधीचेही असेच होते?"

त्यांनी बाभळीखालच्या ढिगाकडे बोट केलं. "बुडातले सगळेच. एकही धड नाही निघाला."

पाच खेपांचं माझं उत्तर त्या ढिगात पडलं होतं आणि त्यावर कोंबड्या फिरत होत्या. तोंडाला येईल ते मी बाबांना बोलले. मग स्वतःला. सात वर्षं दुसऱ्यांची खापरं धुऊन त्यांवर आकडे घालणारी मी, 'फुटले' म्हटल्यावर एकदाही म्हणाले नाही की खापरं दाखवा.

हातातला वाडगा अजून कोमट होता. पालथा करून पाहिला. बुडाला माझा आकडा होता. तो आव्यात कुठे ठेवला, कोंडा किती घातला, सगळं वहीत होतं. हा एक पुरेसा होता. वाडगा दोन्ही हातांनी पोटाशी धरून मी तिथेच राखेत बसले आणि हमसून हमसून रडले. मला हवा होता तो असाच काळा, हे बाबांना सांगायचं राहूनच गेलं.

 बाबा शेजारी बसले, खांद्यावरच्या दुपट्ट्याने आपले डोळे पुसले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"रडू नको, बेटा," ते म्हणाले. "कोंड्यानं होते हे, आता मले समजलं. पुढच्या खेपेले एकही काळा निघू देत नाही."