डब्यातलं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं त्या सुनेला तर नाहीच. आता तुम्हाला सांगते आहे म्हणून मान खाली घालून बसेन, असं मात्र समजू नका. माझा तो स्वभाव नाही.

घमापुरात आमच्या गल्लीत माझा डबा प्रसिद्ध होता. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आत गोळ्या. घरात कुणी आजारी पडलं, डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, की बरं वाटायला लागताच उरलेल्या मी त्यात टाकायचे. चांगल्या गोळ्या वाया कशाला घालवायच्या? "काकू, पोराचं पोट चालून राहिलं, डब्यातलं काही द्या ना," म्हणत अर्धी गल्ली माझ्या दारात यायची. मी द्यायचे. जुलाब थांबले की उरलेली गोळी परत आणून द्यायलाही बजावायचे. हसताय? तापलेलं पोर कडेवर घेऊन सरकारी दवाखान्याच्या रांगेत एकदा उभे राहा — मग मला नावं ठेवा.

आमच्याकडे त्याला औषध कधी कुणी म्हटलंच नाही. औषध म्हणजे डॉक्टरांचं. माझं ते — डब्यातलं. या शब्दाच्या आड मी पुढे लपले, म्हणून सांगून ठेवते.

माझी सून रश्मी सिहोऱ्याची, हिंदी घरातली. तिच्या भावाचं लग्न आटोपून ती परतली आणि माझ्या नातीला, पिहूला, जुलाब सुरू झाले. जेमतेम दोन वर्षांची पोर. रश्मी डॉक्टरांकडे न्यायचं म्हणत होती. "काहून घाबरून राहिली तू? थांब जरा," मी म्हणाले. ती आंघोळीला गेली तेव्हा डब्यातली अर्धी गोळी मधात कुस्करून मी पोरीला चाटवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. रश्मीला विचारलं नाही. माझ्याच घरात मी कुणाला काय विचारायचं? जुलाब थांबले. मग परत लागले — या वेळी रक्त पडायला लागलं, आणि पोर हातात लुळी पडली.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घर में कोई दवा दी थी?" रश्मी नाही म्हणाली, तिला खरंच माहीत नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"नहीं जी, कोई दवा नहीं दी."

दवा कुठे दिली होती? डब्यातलं दिलं होतं — असं मी मनाशी म्हटलं. पण मला कळत नव्हतं असं वाटतं का तुम्हाला? सगळं कळत होतं. सुनेसमोर खोटं पडायचं नव्हतं, एवढंच.

त्यांनी नेहमीचं औषध सुरू केलं. लागू पडेना. पोरीचे डोळे खोल गेले. तपासणीत निघालं की हे जंतू साध्या औषधांना दादच देत नाहीत. अर्धवट गोळ्या खाऊन खाऊन असे जंतू माजतात, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एका घरात नव्हे, अख्ख्या वस्तीत. कुणी काही दिलं असेल तर अजूनही सांगा, म्हणाल्या. अख्ख्या वस्तीत कोण वाटत होतं गोळ्या? मी गप्प राहिले. नुसती गप्प नाही — बाहेर येऊन सगळ्यांना म्हणाले, सिहोऱ्याच्या लग्नातलं पाणी बाधलं.

सगळ्यांनी तेच धरलं. रश्मीची आई धावत आली, माझे हात धरून रडली. "समधन जी, हमसे गलती हो गई." आणि मी? मी तिला माफ केलं. पाठीवरून हात फिरवून, मोठ्या मनाने.

पिहू वाचली. दुसरी, जालीम इंजेक्शनं लागली, सुयांनी तिचे हात काळेनिळे झाले होते. घरी येऊन मी डबा रिकामा केला. गल्लीला वाटलं, काकूंना आता कंटाळा आला. वाटू दे.

मला माफी नको आहे. तुमची नको, कुणाचीच नको. सिहोऱ्याचं पाणी बाधलं होतं की आमच्याच नळाचं, मला माहीत नाही. गोळी मी दिली आणि विचारलं तेव्हा नाही म्हणाले, हे माहीत आहे.

पिहू आता शाळेत जाते. गेल्या रविवारी रश्मीची आई आली होती. तिच्या हातातला पाण्याचा ग्लास पिहूने ओढला, तशी ती बाई दचकली, ग्लास मागे घेतला. "नहीं बेटा, नानी के हाथ का नहीं. दादी से ले लो."

मी उठले, ग्लास भरला आणि पिहूला दिला. गोळी मी याच हाताने चाटवली होती. पोर गटागटा सगळं पाणी प्यायली, आणि तिची नानी माझ्याकडे बघून समाधानाने हसली.